हल्ली मुक्काम

जुन्या मराठी दस्तऐवजांत दोन शब्द हमखास भेटतात : ‘हल्ली मुक्काम’. खरेदीखत असो, मृत्युपत्र असो, नाही तर कोर्टातला दावा असो, माणसाचं नाव, वय, धंदा लिहून झाला की ‘राहणार मौजे अमुक, हल्ली मुक्काम मुंबई’ हे यायचंच. या ‘हल्ली’ची गंमत अशी, की ती तीस-तीस वर्षं चालते. माणूस गिरगावात जन्म काढतो, तिथंच त्याची लग्नकार्यं होतात, तिथंच त्याला नातवंडं दिसतात, तरी कागदोपत्री तो राहणार देवरुखचा. मुंबईत काय, आपला हल्ली आहे.

म्हणजे प्रत्येक हिंडत्या माणसाला दोन पत्ते असतात. एक लोकांना ठाऊक असलेला आणि दुसरा तो खरोखर सापडतो तो. या दोहोंच्या मध्ये पत्र नेऊन पोचवणारं कुणी तरी लागतं. चाळीत ते काम तळमजल्यावरचे आजोबा करीत. पोस्टमन पत्र घेऊन आला की आजोबा चष्मा कपाळावरून नाकावर आणीत, ‘हे? हे डोंबिवलीस गेले’ म्हणत, तांबड्या पेन्सिलीनं जुना पत्ता छाटत आणि नवा घालून पत्र पुन्हा पेटीत टाकीत. आजोबांना कुणी नेमलेलं नव्हतं. डोंबिवलीकरांनी जाताना एक चिठ्ठी तेवढी त्यांच्या हातात ठेवली होती.

आता विषयावर येतो. संगणकाच्या टपालातही असे आजोबा लागतात, आणि त्यांच्या हातात ठेवायची ती चिठ्ठी कुणी शोधून काढली, तिचं पुढं काय झालं, याचा इतिहास मला सांगायचा आहे. हयातभर मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात टपाल सांभाळलं. लोक इतिहास लिहितात तो तोफांचा आणि तहांचा. चिठ्ठीचा कोण लिहिणार? आमच्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसानंच ते करायला हवं.

मुळात दुखणं सुरू झालं ते 1971 साली. अमेरिकेत केंब्रिज गावी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाच्या कंपनीत रे टॉमलिन्सन हे गृहस्थ होते. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप धाडायचा, तर पत्ता लिहायचा कसा? त्यांनी माणसाचं नाव लिहिलं, पुढं यंत्राचं नाव लिहिलं आणि मध्ये ते शेपटीचं गोल ‘ॲट’ ठेवून दिलं. त्या वेळपर्यंत हे चिन्ह वाण्याच्या बिलात ‘दर इतका’ सांगण्यापुरतं होतं. टॉमलिन्सननी त्याचं सोनं केलं. पण त्याबरोबर एक गोष्ट कायमची होऊन बसली. माणसाच्या नावापुढं त्याचं आडनाव येण्याऐवजी घरमालकाचं नाव येऊ लागलं. घर बदललं की नाव बदललं! पत्रात ‘हल्ली मुक्काम’ लिहायला जागाच नाही.

पुढची कथा कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात घडते. 1970 नंतरच्या दशकाच्या शेवटी तिथं इन्ग्रेस नावाचा एक प्रकल्प चालू होता. माहितीचे साठे कसे ठेवावेत, याचं ते संशोधन. या प्रकल्पाच्या यंत्राला आर्पानेटची जोडणी होती आणि इतर बऱ्याच जणांना ती नव्हती. म्हणजे दोनशे बिऱ्हाडांच्या चाळीत एकाच खोलीत टेलिफोन. ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. त्या खोलीच्या मालकाची जी अवस्था होते, ती इन्ग्रेसवाल्यांची झाली. आज हे प्राध्यापक येताहेत, उद्या ते येताहेत, ‘तुमच्या यंत्रावर आम्हालाही खातं द्या हो, एवढंसं.’ एवढंसं म्हणता म्हणता यंत्र पाय पसरायला जागा उरणार नाही अशा बेतात आलं.

तिथं एरिक ऑलमन नावाचा एक तरुण काम करीत होता. त्याच्या लक्षात आलं, की या मंडळींना खातं नकोच आहे; त्यांना हवं आहे फक्त टपाल. टेलिफोनसाठी येणाऱ्याला आपल्या घरात बिऱ्हाड थोडंच करायचं असतं? निरोप त्याच्या घरी पोचला की तो खूष. म्हणून ऑलमननं 1979 साली ‘डिलिव्हरमेल’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आर्पानेटवरून आलेलं पत्र घ्यायचं आणि विद्यापीठातल्या ज्या यंत्रावर तो माणूस बसतो तिथं पोचतं करायचं, एवढं त्याचं काम. विद्यापीठातल्या यंत्रांना जोडणारं जाळं होतं बर्कनेट. ते एका विद्यार्थ्यानं बांधलं होतं, एरिक श्मिट त्याचं नाव. हेच श्मिट पुढं गूगलचे प्रमुख झाले. पण त्या वेळी कुणाला काय ठाऊक! एक एरिक तारा जोडतो आहे आणि दुसरा एरिक टपाल वाटतो आहे, असा तो देखावा.

वाटणं काही सोपं नव्हतं. तीन जाळी आणि पत्ता लिहिण्याच्या तीन तऱ्हा. आर्पानेटवाले ‘ॲट’ लिहीत. बर्कनेटवाले यंत्राचं नाव देऊन त्यापुढं दोन टिंबं देत, आपल्या विसर्गासारखी. आणि तिसरे होते यूयूसीपीवाले, ते उद्गारचिन्हं वापरत. या तिसऱ्यांची तऱ्हा काही औरच. यंत्रं एकमेकांना टेलिफोन करीत, तेही बहुधा रात्री, दर उतरले की. तेव्हा पत्र कोणाकडून कोणाकडं जाणार, हा सगळा प्रवास पाठवणाऱ्यानंच पाकिटावर लिहायचा. आधी अमक्या यंत्राकडं, उद्गारचिन्ह. मग तमक्याकडं, उद्गारचिन्ह. मग बर्कलेच्या यूसीबीवॅक्सकडं, उद्गारचिन्ह. आणि शेवटी तो भाग्यवान माणूस. आपल्याकडं कोकणात पत्र घालताना ‘मु. पो. अमुक, व्हाया तमुक, तालुका, जिल्हा’ करीत जावं लागे, त्यातलाच प्रकार. फक्त प्रत्येक ठिकाणी दचकायचं.

हा सगळा पसारा वाढल्यावर ऑलमननं जुनं घर पाडून नवं बांधलं. त्याचं नाव ‘सेंडमेल’. 1983 साली बर्कलेच्या 4.1सी बीएसडी या युनिक्सबरोबर ते बाहेर पडलं आणि पुढं वर्षानुवर्षं जगाचं बरंचसं टपाल त्याच्या हातून गेलं. त्याला कसं वागावं हे सांगणारी एक फाइल असे. ती फाइल म्हणजे कुणी तरी टंकयंत्रावर ओला टॉवेल पिळला असावा, अशी दिसे. तिचा अर्थ लावणाऱ्या माणसाला आमच्या धंद्यात पंचांग सांगणाऱ्या गुरुजींचा मान असे आणि गुरुजींइतकाच तो स्वतः बुचकळ्यात असे. सेंडमेलवर एक पोथीही आहे, मुखपृष्ठावर वटवाघूळ असलेली. तिची 1997 ची दुसरी आवृत्ती हजार पानांच्या वर गेली. वटवाघूळ कोणी निवडलं कोण जाणे, पण ती फाइल रात्री अपरात्री उलटं टांगून घेऊनच वाचायची असते, हे मी अनुभवानं सांगतो.

पण त्या हजार पानी राक्षसाच्या पोटात एक राजकन्या होती, ती पाहा.

कुणाचं टपाल कुठं पाठवायचं याची एक सरकारी यादी यंत्रावर असतेच. तिला ‘एलिअसेस’ म्हणतात. हे तलाठ्याचं दप्तर. त्यात अक्षर लिहायचा अधिकार एकट्या व्यवस्थापकाला, म्हणजे माझ्यासारख्याला. तुमचा मुक्काम बदलला तर अर्ज करा, तलाठीभाऊसाहेब जागेवर आहेत का ते पाहा, नसले तर उद्या या, असले तर चहा पाजा, मग फेरफाराची नोंद होणार. आणि नोंद झाल्यावरही ‘न्यूएलिअसेस’ ही आज्ञा द्यायला भाऊसाहेब विसरले तर सगळं मुसळ केरात. मी स्वतः भाऊसाहेब होतो म्हणून एवढ्या खात्रीनं सांगतो. चहा मात्र कुणी पाजला नाही.

ऑलमननं या दप्तराच्या शेजारी दुसरी एक सोय करून ठेवली. युनिक्सच्या यंत्रावर प्रत्येकाचं स्वतःचं एक दालन असतं, त्याला घरच म्हणतात. सेंडमेलनं काय करायचं, तर आधी सरकारी यादी पाहायची. माणूस आपल्याच गावचा निघाला की त्याच्या घराच्या उंबऱ्यापाशी जायचं आणि तिथं ‘टिंब फॉरवर्ड’ नावाची फाइल आहे का ते बघायचं. असली, तर पत्र घरात टाकायचं नाही. फाइलीत जो पत्ता लिहिला असेल तिकडं घेऊन जायचं. संपलं! अर्ज नाही, शिक्का नाही, भाऊसाहेब नाहीत. ज्याचं घर, त्याची फाइल, त्याचा शब्द. 1983 च्या आपल्या निबंधात ऑलमननं ही सोय चार ओळींत उरकली आहे. बहुधा एकच पत्ता असेल आणि एका जाळ्यावरून दुसऱ्या जाळ्यावर पत्रं नेण्यासाठी लोक ती वापरतील, असं काहीसं. साताबाऱ्याचा उतारा शेतकऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहावा, अशी ही क्रांती. आणि सांगायची पद्धत तर ‘दूध उतू जाईल, बघ हं’ अशी.

पूर्वी अशी कल्पना कुणाला सुचलीच नव्हती, असं म्हणत नाही. बेल कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सवर टपालपेटीच्या पहिल्याच ओळीत ‘अमक्याकडे पाठवा’ अशा अर्थाचे शब्द लिहून ठेवले, की पत्रं तिकडं जात. पण ती चिठ्ठी पेटीत. पेटीत चिठ्ठी म्हणजे पत्रं आणि सूचना यांची खिचडी. बर्कलेकरांची चिठ्ठी घराच्या दारावर, हा फरक आहे.

तिच्या नावातल्या टिंबाचंही थोडं सांगायला हवं. युनिक्सवर ज्या फाइलीचं नाव टिंबानं सुरू होतं, ती यादीत दिसत नाही. यामागं काही तरी थोर तत्त्वज्ञान असावं, अशी आमची समजूत. पण रॉब पाइक या युनिक्सच्याच घरच्या माणसानं 2012 साली लिहून टाकलं, की टिंबाच्या दोन विशिष्ट नोंदी लपवायच्या होत्या, त्यासाठी आळसानं तोकडी तपासणी केली गेली आणि टिंबवाल्या सगळ्याच नोंदी लपल्या. म्हणजे हा बुरखा अपघाती. असो. बऱ्याच घरंदाज रूढींचं मूळ शोधायला गेलं की हेच निघतं.

या चिठ्ठीत करामती किती कराव्यात? एका ओळीत दोन पत्ते घाला, दोन्हीकडं पत्र जाईल. आपल्या नावामागं उलटी तिरपी रेघ घाला, की एक प्रत घरी राहील आणि एक पुढं जाईल. ही तिरपी रेघ फार महत्त्वाची. ती नसेल तर सेंडमेल पुन्हा त्याच नावाची चिठ्ठी बघायला जाईल. ‘या घरचे कुठं गेले? घरी गेले.’ आणि एक उभी रेघ असते. ती देऊन पुढं प्रोग्रॅमचं नाव लिहिलं, की पत्र माणसाला न देता त्या प्रोग्रॅमच्या हाती दिलं जातं. मग तो वाचेल, निवडेल, फाडेल, उत्तर देईल. हल्लीच्या भाषेत खासगी चिटणीस.

अशा चिटणिसांत सर्वांत प्रेमळ म्हणजे ‘व्हेकेशन’. हाही मूळ ऑलमनचाच. तुम्ही रजेवर गेलात, की येणाऱ्या प्रत्येक पत्राला हा उत्तर देतो : ‘साहेब बाहेरगावी आहेत, आल्यावर बघतील.’ यात धोका ओळखलात? दोघेही रजेवर आणि दोघांकडंही व्हेकेशन! याचं उत्तर त्याला, त्याचं उत्तर याला. लखनौच्या नबाबांची गाडी ‘आप, आप’ करता सुटली होती. इथं गाडी सुटायचीच नाही. म्हणून ऑलमननं व्हेकेशनला वही दिली. एकाला उत्तर दिलं की नाव टिपायचं आणि आठवडाभर त्याच माणसाला पुन्हा उत्तर द्यायचं नाही. शिवाय घाऊक वाटलेल्या परिपत्रकांना आणि टपाल परत करणाऱ्या यंत्रांना तर उत्तर द्यायचंच नाही. ही समज पुष्कळ जित्या चिटणिसांना नसते.

गोल फिरण्याचा रोग चिठ्ठीलाही होता. आमच्याकडं एक प्राध्यापक होते. त्यांनी संस्थेतली पत्रं विद्यापीठाच्या पत्त्यावर जावीत म्हणून चिठ्ठी लिहिली. पुढं मे महिन्यात ते विद्यापीठात गेले, तिथं बसून विद्यापीठातली पत्रं संस्थेत यावीत म्हणून दुसरी लिहिली. सोमवारी मी येतो तो काय, एकच पत्र देवळाभोवती प्रदक्षिणा घालतं आहे. यावर उपाय असा, की प्रत्येक टपालखातं पत्रावर आपला शिक्का उमटवतं. शिक्के मोजायचे आणि फार झाले, सेंडमेलच्या हिशेबी पंचवीस, की ‘फार उड्या झाल्या’ असं लिहून पाठवणाऱ्याकडं परत. प्राध्यापकांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, पण पत्रात काय होतं?’ पत्रात होतं : ‘फोनवर बोलू.’

या सगळ्या व्यवहाराचे कायदे लिहिले ते जॉन पोस्टेल यांनी, 1982 च्या ऑगस्टात. आडनाव पोस्टेल आणि लिहिले टपालाचे नियम. आपल्याकडं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, घराणंच पोस्टातलं. त्यांच्या कायद्यात प्रत्येक उत्तराला आकडा आहे. त्यातले दोन मला फार आवडतात. 251 म्हणजे : ‘हा माणूस इथला नाही, पण असू द्या, मी पुढं पाठवतो.’ आणि 551 म्हणजे : ‘हा माणूस इथला नाही, अमक्या ठिकाणी तुम्हीच बघा.’ माणुसकीचे दोनच प्रकार असतात, ते या माणसानं तीन-तीन आकड्यांत बसवले. आमच्या चाळीतले आजोबा 251 होते. सरकारी खिडकीपलीकडं बहुतेक 551 बसतात, आणि तेही पत्ता सांगतील तर शपथ.

आता या गोष्टीत खलनायक येतो. 1988 च्या 2 नोव्हेंबरला संध्याकाळी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानं इंटरनेटवर एक किडा सोडला. स्वतःच्या प्रती काढत या यंत्रावरून त्या यंत्रावर जाणारा प्रोग्रॅम. त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक सेंडमेलमधून होती. तपासणीसाठी म्हणून ठेवलेली एक खिडकी बऱ्याच ठिकाणी उघडीच राहिली होती. तिच्यातून बाहेरचा कोणीही पत्र माणसाऐवजी थेट प्रोग्रॅमच्या हाती देऊ शके. म्हणजे घरमालकानं आपल्या चिठ्ठीत उभी रेघ देऊन जे करायचं, तेच रस्त्यावरचा माणूस करू लागला. पण मला त्याहून लागलं ते निराळंच. किडा एका यंत्रात शिरला, की पुढं कुठं जावं हे शोधण्यासाठी तो लोकांच्या टिंब फॉरवर्ड फायली वाचत असे! ‘माझी पत्रं इकडं पाठवा’ असं विश्वासानं दारावर लिहिलेलं होतं. त्या पत्त्यांवर टपाल जायच्या ऐवजी चोर गेला. हजारो यंत्रं आडवी झाली. मॉरिसचे वडील सरकारच्या गुप्त खात्यात संगणकांच्या सुरक्षिततेचेच अधिकारी होते, हे मी चवीला म्हणून सांगतो. मुलावर खटला झाला; तीन वर्षं देखरेख, चारशे तास समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड.

त्यानंतर दारं लागू लागली. सेंडमेल चिठ्ठी वाचण्याआधी चिठ्ठीची चौकशी करू लागलं. फाइल कुणाची, तिच्यात दुसऱ्या कुणाला लिहिता येतं का, ती ज्या घरात आहे ते घर उघडं तर नाही? जरा कुठं सैल दिसलं, की चिठ्ठीकडं दुर्लक्ष. 1998 च्या 8.9 या आवृत्तीत ही कडक शिस्त आली आणि लोकांनी हाकाटी केली, ‘आमची पत्रं जात नाहीत!’ ज्यांना शिस्त सैल करूनच हवी, त्यांच्यासाठी एक कळ ठेवली गेली. तिचं नाव, मराठीत सांगायचं तर, ‘सेंडमेलला दोष देऊ नका’. इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या सरकारी-निमसरकारी अर्जावर पाहिलेलं नाही.

आपल्याकडं हे टपाल आलं ते अर्नेटच्या मार्फत. 1986 साली इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं ते सुरू केलं आणि पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, जुहूचं एनसीएसटी अशी मोजकी मंडळी त्यात होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला 15 ऑगस्ट 1995 उजाडावा लागला. मधल्या काळात आमच्यासारख्या ठिकाणी पत्ता असणं म्हणजे चाळीतल्या टेलिफोनचंच भाग्य. आणि त्या काळात आमची मुलं भराभर परदेशी जात होती. मुलगा विमानतळावर जाण्यापूर्वी तीन गोष्टी करी : आईच्या पाया पडे, लोणच्याची बरणी वजनात बसत नाही म्हणून बाबांशी वाद घाली, आणि आमच्याकडं येऊन टिंब फॉरवर्ड लिहून जाई. पहिल्यांदा त्यात इंडियानातल्या विद्यापीठाचा पत्ता असे. मग तो पुसून न्यू जर्सीतल्या कंपनीचा येई. 1996 नंतर हॉटमेलचा. हे सगळं तिकडूनच बदललं जाई, आम्हाला पत्ताही नसे. सातासमुद्रापलीकडचा पोरगा रात्री आपल्या जुन्या घराच्या दारावरची चिठ्ठी बदलून जातो आणि सकाळी तलाठीभाऊसाहेब शांतपणे चहा पितात, ही मला अजूनही आश्चर्याची गोष्ट वाटते.

मग आला कचरा. कुबेराची मयत मावशी, औषधं, लॉटऱ्या. खोट्या नावानं पत्रं येऊ लागली, तेव्हा 2003 च्या सुमारास एक तोड निघाली, एसपीएफ. 2006 साली तिचं पहिलं अधिकृत टाचण प्रसिद्ध झालं. तत्त्व अगदी सरळ. बँकेनं जाहीर करायचं, की आमची पत्रं एवढीच माणसं घेऊन येतील. दुसऱ्या कुणी आणलं तर समजा, खोटं. वाचून कुणीही म्हणेल, वा! पण आमच्या आजोबांचं काय? पत्र बँकेचं, आणि घेऊन आले आजोबा! डोंबिवलीचा गुरखा विचारतो, ‘तुम्ही बँकेचे का?’ ‘नाही बुवा, शेजारी.’ ‘मग पत्र खोटं.’ बिचाऱ्या 251 ला लबाडांच्या रांगेत उभं केलं. यावर तोड म्हणून आजोबांनी पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव बदलून आपलं घालावं, अशी युक्ती निघाली. मग पत्रावर न पुसता येणारी सही आली. मग 2012 साली या दोहोंवर देखरेख करणारा डीमार्क आला. मग 2019 साली, आजोबांनी पत्र हाती घेतलं तेव्हा ते खरं होतं असा आजोबांचा दाखला साखळीनं जोडायची योजना आली. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनी घाऊक टपाल पाठवणाऱ्यांना हे कागदपत्र सक्तीचेच केले. हे सारं गरजेचं आहे, याबद्दल माझं दुमत नाही. चोर लोक खातं फोडलं की पहिलं काय करतात, तर गुपचूप फॉरवर्डिंग लावून ठेवतात, म्हणजे मालकाची पत्रं महिनोन्‌महिने वाचता येतात. पण शेजाऱ्याचं पत्र पोचवायला एवढी कागदपत्रं लागतील, हे 1983 साली कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

2014 साली आमच्या संस्थेनं आपलं टपाल बाहेरच्या एका मोठ्या कंपनीकडं सोपवायचं ठरवलं. मी तेव्हा निवृत्त होऊन सल्लागार म्हणून जात होतो. सल्लागार म्हणजे ज्याला जुनं कुलूप कसं उघडतं हे ठाऊक असतं तो. नव्या करारात स्वच्छ लिहिलं होतं, संस्थेबाहेर पत्रं पुढं पाठवली जाणार नाहीत. तेव्हा जुन्या यंत्रावरच्या चिठ्ठ्या मोजा, असं मला सांगण्यात आलं. यंत्रं या काळात चारदा बदलली होती, पण दर वेळी घरं सामानासकट हलवली जात, म्हणून चिठ्ठ्या शाबूत. दोनशे चौदा निघाल्या. एवढ्या फायली मी एका दुपारी वाचल्या आणि संस्थेचा इतिहास माझ्या वाचनात तेवढा एकदाच आला. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संचालकांचे फोटो होते. इथं माणसं कुठं कुठं जाऊन पोचली ते होतं. काही चिठ्ठ्यांतल्या कंपन्या बुडालेल्या. एका चिठ्ठीत दोन पत्ते, नवऱ्याचा आणि बायकोचा, आणि नंतर कधी तरी त्यातला एक पुसलेला. एक आमच्या गणिताच्या सरांची होती. सर 2009 सालीच गेले. चिठ्ठीत त्यांच्या मुलीचा पत्ता होता.

मी म्हटलं, बंद करण्यापूर्वी सगळ्यांना कळवू या. नव्या पोरांनी खांदे उडवले, पण कळवलं. ‘31 मार्चपासून हा पत्ता चालणार नाही. आपल्या परिचितांस नवा पत्ता द्यावा.’ उत्तरं आली. कुणी ‘सर, तुम्ही अजून तिथंच?’ विचारलं. कुणाला स्वतःची चिठ्ठी आठवतच नव्हती. सरांच्या मुलीनं लिहिलं, ‘बाबांच्या नावानं वर्षाला चार-पाच पत्रं येतात. बहुतेक त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची, ज्यांना कळलेलं नाही. मी सगळ्यांना उत्तर देते. आणखी सहा महिने ठेवता येईल का?’ मी तो अर्ज घेऊन वर गेलो. वर सांगण्यात आलं, की करारात तशी तरतूद नाही. मग मी एक केलं. जुनं यंत्र भंगारात जाणार होतं, त्याच्या विल्हेवाटीच्या फाइलीवर तीन शेरे मारले, दोन सह्या अपुऱ्या असल्याचं निदर्शनास आणलं आणि एक कागद चुकीच्या नमुन्यात असल्याबद्दल परत पाठवला. फाइल सप्टेंबरात सुटली. तोवर यंत्र चालूच होतं. तलाठ्याच्या पेशात असतात काही विद्या.

आणि एक उत्तर आमचं परिपत्रक सुटल्याच्या मिनिटालाच आलं. आमच्या हार्डवेअरच्या एका मुलाचं. हा 1997 साली पंधरा दिवसांच्या रजेवर म्हणून गेला तो सान होजेहून परतलाच नाही. त्याच्या चिठ्ठीत तिरप्या रेघेनं स्वतःचं नाव होतं, त्यापुढं उभी रेघ आणि व्हेकेशन. पत्र असं : ‘मी रजेवर आहे. दिवाळीनंतर कामावर रुजू होईन. तातडीचं असल्यास टेबलाच्या डाव्या खणात किल्ली आहे.’

एका आठवड्यानं आम्ही सर्वांना स्मरणपत्र धाडलं. त्याचं उत्तर पुन्हा आलं, शब्दाचा फरक नाही. मी खाली जाऊन बघून आलो. टेबल केव्हाच गेलं आहे. तिथं आता पाण्याचं कूलर आहे.